पिंजऱ्याचं दार लागलं आहे

फेब्रुवारीतली पहाट, ५ वाजून ४० मिनिटं. फोन वाजला. माझ्या कामात या वेळेला येणाऱ्या मेसेजचा अर्थ एकच असतो: कुठला तरी सर्व्हर पडलाय आणि आज ऑन-कॉल आपण आहोत. झोपेतच हात लॅपटॉपकडे गेला. मग स्क्रीन नीट दिसली. मेसेज ऑफिसचा नव्हता. केंब्रिजच्या ईशान्येला सपाट शेतांमधून जाणाऱ्या एका पाटावर एक पिंजरा तरंगतो, त्याने तो पाठवला होता. पिंजऱ्याचं दार लागलं होतं.

आत पाणकोंबडी असू शकते, साधा उंदीर असू शकतो. ते असले तर दार उघडून सोडून द्यायचे. पण मिंक असला तर सोडता येत नाही, मारावा लागतो. या पिंजऱ्याची देखरेख करायचं मी स्वतःहून कबूल केलं होतं, आणि तेही अशा एका प्राण्यासाठी, ज्याला तोवर मी आयुष्यात फक्त तीनदा पाहिलं होतं.

आपण केलं ते बरोबर होतं का, हे मला अजून पूर्ण कळलेलं नाही. पण निदान प्रश्न नीट मांडता यावा, एवढा विचार या वर्षभरात झाला आहे.

*

त्या प्राण्याचं नाव वॉटर व्होल. मराठीत त्याला नाव नाही, कारण तो आपल्याकडे नाही. ऊदाला आपण पाणमांजर म्हणतो, त्या चालीवर याला पाणउंदीर म्हणू. दिसायला उंदरासारखा, पण नीट पाहिलं तर फरक कळतो. उंदराचं तोंड टोकदार, याचं बोथट आणि गुबगुबीत. उंदराचे कान उठून दिसतात, याचे केसांत बुडालेले. उंदराची शेपटी लांब आणि उघडी, याची आखूड आणि केसाळ. रंग तांबूस तपकिरी. वजन साधारण २०० ते ३०० ग्रॅम, म्हणजे पावशेराच्या आसपास. केनेथ ग्रॅहमच्या १९०८ सालच्या 'द विंड इन द विलोज'मधला रॅटी नावाने उंदीर वाटतो, पण खरं तर तो वॉटर व्होल. त्यामुळे इंग्लंडमध्ये पिढ्यान्पिढ्या मुलांना हा प्राणी पुस्तकातून ओळखीचा आहे. प्रत्यक्ष पाहिलेली मुलं फार थोडी.

त्याला पाहायचं तर आधी त्याच्या खुणा वाचायला शिकावं लागतं. पाण्याच्या पातळीलगत काठात मुठीएवढी बिळं दिसतात. बिळाच्या तोंडाशी गवत असं कुरतडलेलं असतं, की कुणी छोटी हिरवळ राखली आहे असं वाटावं. जवळच देठांचे तुकडे पडलेले, बोटाएवढ्या लांबीचे, टोकं तिरकी कापलेली, जणू ४५ अंशांचा कोन मोजून. आणि लेंड्या. टिकटॅकच्या गोळ्यांच्या आकाराच्या, हिरवट तपकिरी, एकाच जागी रचलेल्या. विणीच्या काळात मादी अशा ढिगांनी आपल्या हद्दीच्या खुणा करते. पाहणी करणारे लोक प्राणी मोजत नाहीत, हे ढीग मोजतात.

विकेन फेन हा केंब्रिजजवळचा जुना पाणथळ भाग. नॅशनल ट्रस्टने १८९९ मध्ये तिथली पहिली जमीन घेतली, तेव्हापासून तो राखीव आहे. तिथे मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी दीड तास न हलता बसलो होतो. आधी 'प्लॉप' असा आवाज आला, खडा पाण्यात पडावा तसा. मग कचकच ऐकू आलं, कुणी काकडी खातंय असं. आणि मग तो दिसला. दोन्ही हातांत लव्हाळ्याचं पातं धरून, बसल्या बसल्या, टोकाकडून खाली खात चाललेला. वॉटर व्होल रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के अन्न खातो, त्यामुळे त्याला फुरसत नसते. मिनिटभर तो खात राहिला, मग पाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

घरी फोन केला तेव्हा मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. आई म्हणाली, "अरे, उंदीर बघायला एवढ्या लांब गेलास होय? इथं माळ्यावर काय कमी आहेत?"

मी हसलो. पण तिचा प्रश्न वाटतो तितका थट्टेचा नव्हता.

*

आमचं घर कृष्णाकाठचं. घरात उंदराचा पिंजरा असायचा, आकड्याला शिळ्या भज्याचा तुकडा लावलेला. उंदीर सापडला की आजी म्हणायची, मारू नका, गणपतीचं वाहन आहे. मग बाबा पिंजरा सायकलला अडकवून ओढ्यापलीकडे जायचे आणि उंदीर सोडून यायचे. आम्हा पोरांना ते फार आवडायचं. आपण पाप केलं नाही, याचं समाधान घेऊन घरी यायचं. ओढ्यापलीकडे दुसऱ्या कुणाचं तरी शेत होतं, हे तेव्हा लक्षात येत नव्हतं. त्याच गावात मामा उसाच्या फडात उंदरांसाठी विषाचं आमिष ठेवायचे आणि त्यावर कुणी एक शब्दही बोलायचं नाही.

म्हणजे आईचा प्रश्न असा: ज्या प्राण्याला आपण फडात विष घालतो, त्याच्या दूरच्या भावासाठी तिकडे तू पाण्याकाठी दीड तास बसतोस. फरक काय?

सरळ उत्तर आहे, संख्या. ब्रिटनमध्ये वॉटर व्होलच्या दोन मोठ्या राष्ट्रीय पाहण्या झाल्या, एक १९८९-९० मध्ये आणि दुसरी १९९६-९८ मध्ये. त्या मधल्या काळात त्यांची संख्या जवळजवळ ९० टक्क्यांनी घसरली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अख्ख्या ब्रिटनसाठीचा अंदाज १ लाख ३२ हजार एवढाच होता. २०२० च्या ब्रिटिश लाल यादीत तो 'धोक्यात' या वर्गात आहे. कायद्याने १९९८ पासून त्याच्या बिळांना संरक्षण आहे आणि इंग्लंडमध्ये २००८ पासून खुद्द प्राण्यालाही. आज तिथे नदीकाठी बांधकाम काढायचं तर आधी व्होल आहेत का ते तपासावं लागतं.

पण संख्येचं उत्तर जरा खोलात गेलं की डळमळतं. जगाच्या यादीत हाच प्राणी 'फारशी चिंता नाही' या वर्गात आहे. युरोपच्या काही भागांत त्याच्या जवळच्या भाऊबंदांना शेतकरी आपल्या मामांसारखेच वैतागलेले असतात. म्हणजे मौल्यवान असणं त्या प्राण्याच्या अंगात नाही. खाडीच्या या बाजूला तो ठेवा, त्या बाजूला कीड. त्या व्होललाही आपण दुर्मीळ आहोत हे माहीत नसतं. त्याची भूक, त्याची भीती, त्याचं दुखणं माळ्यावरच्या उंदराएवढंच आहे, कमी नाही आणि जास्तही नाही.

*

व्होल कमी का झाले, याची मुख्य कारणं दोन. पहिलं, काठ गेले. शेतं पाण्याच्या कडेपर्यंत नांगरली, गुरं कडेपर्यंत चरली, पाट सरळ करून त्यांना सिमेंट किंवा लोखंडी पत्रे लावले. ज्याला राहायला मऊ काठ आणि खायला उंच गवत लागतं, त्याच्यासाठी उरल्या त्या तुटक चिंधोट्या.

दुसरं कारण मिंक. हा उत्तर अमेरिकेतला प्राणी, दिसायला काळपट मुंगसासारखा, पण पाणमांजराच्या कुळातला. फरचे कोट करण्यासाठी १९२९ मध्ये तो ब्रिटनमध्ये आणला आणि पिंजऱ्यांत वाढवला. काही निसटले, काही सुटले. १९५६ मध्ये डेव्हनमधल्या टीन नदीवर तो मोकळ्यात वीत असल्याचं पहिल्यांदा नक्की झालं. पुढे तो देशभर पसरला. फरसाठी प्राणी पाळण्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये बंदी घालणारा कायदा आला तो २००० साली.

वॉटर व्होलला शत्रू नवे नाहीत. बगळा, घुबड, मुंगसासारखे स्टोट, मोठे मासे, सगळेच त्याला खातात. त्याचे बचाव दोन. पाण्यात सूर मारायचा आणि पायांनी चिखल उडवून पाणी गढूळ करायचं, किंवा बिळात शिरायचं. पाण्यात येईल असा शत्रू बिळात मावत नाही, बिळात मावेल असा शत्रू पाण्यात मागे लागत नाही. हजारो वर्षं या हिशेबावर त्याचं भागलं. मिंकची मादी उत्तम पोहते आणि बरोबर त्या बिळात मावते. पिल्लं वाढवणारी एक मादी एका हंगामात ओढ्याचा मोठा टापू रिकामा करू शकते.

माझ्या पेशातल्या माणसाला हे ऐकल्यावर लगेच एक शब्द सुचतो: बग. कुणीतरी १९२९ मध्ये चुकीचा बदल केला, तो आता प्रॉडक्शनमध्ये आहे, दुरुस्त करा. मीही आधी असाच विचार केला होता. पण बगला भूक लागत नाही, बग पिल्लं वाढवत नाही. आज एखाद्या पाटावर फिरणारी मिंक मादी इथेच जन्मली, तिची आई इथेच जन्मली, अशा कित्येक पिढ्या झाल्या. तिने कुठलाही नियम मोडलेला नाही. ती मिंक आहे आणि मिंकसारखी वागते. तिला चूक म्हणणं ही सोय आहे, कारण चूक पुसताना वाईट वाटत नाही.

*

पिंजऱ्यांचं काम करणाऱ्या स्थानिक गटात बहुतेक लोक निवृत्त आहेत. मला सामील करून घेणारे गृहस्थ आधी शाळेत शिकवायचे. पद्धत त्यांनीच समजावली. पाण्यावर एक तराफा, त्यावर बोगदा, बोगद्यात पिंजरा. मिंकला बोगद्यांचं कुतूहल असतं, शिवाय त्याच्याच गंधाचं आमिष असतं. पिंजऱ्याला मोबाइलच्या सिमवर चालणारं यंत्र जोडलेलं. दार पडलं की मेसेज येतो. एरवी दिवसातून एकदा 'मी चालू आहे' एवढं कळवतं. पूर्वी प्रत्येक पिंजरा रोज जाऊन बघावा लागे, त्यामुळे थोडेच पिंजरे लावता येत. आता एक माणूस कितीतरी सांभाळू शकतो. या यंत्रांच्या बळावर आणि शेकडो लोकांनी मिळून काम केल्यामुळे पूर्व इंग्लंडच्या मोठ्या भागातून, विशेषतः नॉरफोक आणि सफोकमधून, मिंक जवळजवळ नाहीसा झाला आहे.

त्यांनी कायद्याचा एक मुद्दा दोनदा सांगितला. पकडलेला मिंक परत सोडणं हा गुन्हा आहे. "म्हणून दया यायची असेल तर ती आज येऊ दे, दार पडल्यावर नको," असं ते म्हणाले. मी आठवडाभर वेळ मागून घेतला.

त्या आठवड्यात मला सगळ्यात आधी खटकला तो एक शब्द. गटातले लोक सहज म्हणायचे, मिंक इथला नाही. परका, घुसखोर. मी व्हिसावर राहणारा माणूस. हे शब्द मला तिथल्या बातम्यांतूनही ऐकू येत होते आणि प्राण्यांबद्दल नव्हे. आणि खरं सांगायचं तर ते मला ओळखीचे होते, कारण उपरा आणि परप्रांतीय हे शब्द ऐकतच मी महाराष्ट्रात मोठा झालो. जो मुद्दा माणसांच्या बाबतीत मला घाणेरडा वाटतो, तो प्राण्यांच्या बाबतीत मी कसा मान्य करायचा?

विचार केल्यावर कळलं, की मान्य करायची गरजच नाही. ब्रिटनमधला ससाही माणसांनी बाहेरून आणलेला आहे. तिथलं छोटं घुबड एकोणिसाव्या शतकात आणून सोडलेलं आहे. त्यांच्यासाठी कुणी पिंजरे लावत नाही, लोक कौतुकाने फोटो काढतात. आपल्या ठेच्यातली मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. कोण कुठून आला, हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की तो असताना दुसरा उरू शकतो की नाही. ससा असताना बाकीचे उरतात. आजच्या तुटक्या काठांवर मिंक असताना व्होल उरत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तो लक्षात ठेवला तर मिंकचा द्वेष करावा लागत नाही.

*

आता खरा पेच.

समजा, आपण दुःखाचा हिशेब मांडला. मिंकने मारलेल्या व्होलचं दुःख एका पारड्यात, आपण मारलेल्या मिंकचं दुसऱ्यात. मला वाटलं होतं, एक मिंक शेकडो व्होल मारतो, म्हणजे हिशेब सोपा आहे. तो सोपा नाही. मिंकपासून वाचलेला व्होल म्हातारा होऊन मरत नाही. तो बगळ्याच्या चोचीत जातो किंवा हिवाळ्यात संपतो. दोन हिवाळे पाहणारा व्होल विरळा. वर्षाला तीन-चार विणी, प्रत्येक वेळी पाच-सहा पिल्लं, आणि त्यातली बहुतेक कुणाच्या तरी पोटात. मिंक गेल्यावर व्होल वाढतात, म्हणजे मरणारे व्होलही वाढतात. दुःख कमी करायला मी पिंजरा लावतो, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

मग मी वाचवतो ते काय? जात. आणि जातीला दुखत नाही. दुखतं ते पिंजऱ्यातल्या मिंकला. म्हणजे मी एक खरं, उबदार शरीर देतो आणि बदल्यात एक कल्पना विकत घेतो.

या ठिकाणी दोन अमेरिकन माणसांचं जुनं भांडण आहे. आल्डो लिओपोल्ड हा वनाधिकारी. १९४९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं साधारण असं, की माती, पाणी, झाडं, प्राणी मिळून एक समाज आहे, आणि जे त्या समाजाला सावरतं ते योग्य. टॉम रेगन हा तत्त्वज्ञ. प्राण्यांच्या हक्कांवरच्या १९८३ च्या पुस्तकात त्याने या विचारावर थेट फॅसिझमचा आरोप ठेवला. समूहाच्या भल्यासाठी एकट्याचा बळी द्यायचा, हे तुम्ही माणसांत मान्य कराल का, असा त्याचा सवाल. रेगन वाचताना मला तो बरोबर वाटतो. पाण्याकाठी बसल्यावर लिओपोल्ड.

माझ्यापुरती वाट मला एका वेगळ्याच गोष्टीतून दिसली. भाषेलाही दुखत नाही. एखादी भाषा संपते तेव्हा तिचा शेवटचा बोलणारा बहुधा म्हातारपणाने, अंथरुणात, शांतपणे जातो. त्याची मुलं दुसरी भाषा बोलत सुखात असतात. दुःखाचा हिशेब मांडला तर काहीच घडलेलं नाही. तरीही आपल्याला ठाऊक असतं की काहीतरी घडलं आहे. एक वाट कायमची बंद झाली. त्या भाषेत उद्या ज्या गोष्टी सांगितल्या गेल्या असत्या, त्या आता कुणीच सांगणार नाही. एक व्होल मरतो तेव्हा तो एकटा मरतो. शेवटचा व्होल मरतो तेव्हा पुढचे सगळे व्होल जातात. शिवाय तो काठ पोखरतो, माती वर आणतो, गवत कापून दुसऱ्या रोपांना जागा करून देतो, आणि इतक्या जणांचं पोट भरतो. काठ हे त्याच्या नसण्याने बदलणारं घर आहे. ही नुसती कल्पना नाही.

पण भाषेचं उदाहरण उलटूनही बघायला हवं. भाषा वाचवायला आपण कुणाला मारत नाही. म्हणून फक्त 'जात मौल्यवान आहे' एवढ्याने पिंजऱ्याचं समर्थन होत नाही. त्याला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे जबाबदारी. मिंक वादळात वाहून आला असता तर कदाचित मी म्हणालो असतो, राहू दे, निसर्गाचं तो बघेल. पण तो पिंजऱ्यात घालून आणला गेला, कोटासाठी. ज्यांनी काठ नांगरले आणि ज्यांनी मिंक आणला, त्या समाजाने आता हात झटकले, तर ते तटस्थ राहणं नाही, अर्धं काम करून पळून जाणं आहे. मी त्या समाजातला नाही असं म्हणायची मला सोय होती. पण मी तिथे राहत होतो, तिथलं नळाचं पाणी पीत होतो, त्याच नांगरलेल्या शेतांतलं खात होतो.

दयेने केलेलं काम नेहमी दयेचं होतं असंही नाही. १९९८ च्या ऑगस्टमध्ये हँपशरमधल्या एका फार्ममधून प्राणिमुक्तीवाल्यांनी हजारो मिंक रातोरात सोडून दिले. त्या अरुंद पिंजऱ्यांबद्दल त्यांना वाटलेला संताप मला समजतो. पण सुटलेल्यांतले कित्येक गाडीखाली, गोळीने मेले, आणि उरलेल्यांनी वाटेत सापडेल ते मारलं. ते वाचताना मला बाबांची सायकल आठवली. दार उघडून आपले हात स्वच्छ ठेवायचे आणि जे व्हायचं ते ओढ्यापलीकडे होऊ द्यायचं.

मी हो म्हणालो. मनाशी तीन अटी घातल्या. एक, हे काम संपणारं असेल तरच करायचं. थोडे मिंक दरवर्षी मारत राहिलं तर शेजारून नवे येतात आणि हत्या कधीच थांबत नाही. मोठ्या प्रदेशात एकदाच पूर्ण केलं तर एकूण कमी मिंक मरतात. इथे अर्धवट दया जास्त क्रूर ठरते. दोन, काठाचा विसर पडू द्यायचा नाही. रुंद, दाट बोरूच्या बेटांमध्ये मिंक असतानाही व्होल टिकलेले आहेत. मिंकला गोळी घालणं सोपं, शेतकऱ्याकडे पाण्यालगतची चार-पाच मीटर पट्टी मागणं अवघड. सोपं करून अवघड टाळलं, तर मिंक फुकट मेला. म्हणून मी गटाच्या कुंपण आणि लागवडीच्या रविवारांनाही जायचं ठरवलं. तीन, मेसेज आला तर स्वतः जायचं.

*

तिसरी अट पहाटे ५.४० ला परीक्षेला बसली.

नियमाप्रमाणे मी गटाच्या फोनवर कळवून पुन्हा झोपू शकलो असतो. पिस्तूल चालवणारा माणूस वेगळा असतो. मला ते काम येत नाही आणि करायचंही नव्हतं. माझं काम फक्त मेसेज पुढे पाठवणं. आमच्या पेशाचं हेच तर वैशिष्ट्य आहे. आम्ही घटनेचं नोटिफिकेशन करतो. पिंजऱ्यातला प्राणी, पिझ्झाची डिलिव्हरी, पडलेला सर्व्हर, सगळं एकाच आकाराच्या चौकोनात, एकाच आवाजात येतं आणि अंगठ्याने बाजूला सारता येतं. एक जण पिंजरा बनवतो, एक लावतो, एक मेसेज बघतो, एक गोळी घालतो. कुणाच्याच वाट्याला पूर्ण कृत्य येत नाही. म्हणून मी सायकल काढली.

धुकं होतं. तराफ्यापाशी पोचलो तेव्हा ते गृहस्थ आधीच आले होते. पिंजऱ्यात मिंक होता, नर. फेब्रुवारीत नर माद्यांच्या शोधात लांब लांब फिरतात. मला वाटलं होतं तो धडपडत असेल, पण तो स्थिर बसला होता आणि आमच्याकडे बघत होता. ओले केस, हनुवटीवर पांढरा ठिपका. फार सुंदर प्राणी. हा प्राणी कुणाला कोट का वाटला असेल, ते कळलं, आणि ते कळल्याची लाज वाटली.

गृहस्थ म्हणाले, "तू तिकडे वळलास तरी चालेल."

मी वळलो नाही. हवेच्या दाबावर चालणारं छोटं पिस्तूल, एक आवाज, फार मोठा नाही. क्षणात संपलं. त्यांनी वहीत तारीख, जागा, नर, वजन लिहिलं. मग टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले. ते रोज असं करतात की माझ्यासमोर केलं, मी विचारलं नाही. परतताना दोघंही बोललो नाही. साडेनऊच्या स्टँड-अपला मी कॅमेरा बंद ठेवला.

त्या दिवशी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मारलंत ते बरोबर की चूक, मला नाही कळत. पण तू तिथं उभा राहिलास ना? मामा फडात आमिष टाकून आला की दोन दिवस तिकडं फिरकायचा नाही." मामांना वाईट वाटायचं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

*

आता पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. मी केलं ते बरोबर होतं का?

माझं उत्तर असं, की ते करणं योग्य होतं आणि तरीही त्या मिंकवर अन्याय झाला. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत. आपल्याला सवय अशी, की निर्णय योग्य ठरला की खातं बंद. टिकेट क्लोज. पण काही निर्णय योग्य असूनही देणं मागे ठेवतात. धर्मसंकट हा शब्द आपण हल्ली 'दोन्हीकडून अडचण' एवढ्याच अर्थाने वापरतो. त्याचा जुना भार असा आहे, की कुठलीही वाट घेतली तरी काही चुकवायचं उरतं, आणि शहाणपण ते नाकारण्यात नाही. १९२९ ची चूक माणसांची, दंड मिंकने भरला. हे कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही आणि बसवू नये. ते बोचत राहिलं तरच पुढच्या वेळी कुणी काही आणताना, सोडताना, नांगरताना हात आखडता घेईल.

जो मिंकला शत्रू म्हणतो, त्याला हे काम देऊ नये, असं मला आता वाटतं. आणि ज्याला मिंकचं इतकं वाईट वाटतं की तो काठाकडे बघतच नाही, त्यालाही व्होलबद्दल बोलण्याचा फारसा अधिकार नाही. काम त्याने करावं ज्याला दोन्ही दिसतात, आणि ते संपायची वाट त्याने बघावी.

त्या पाटावर त्यानंतर व्होल आले का, असं मित्र विचारतात. मला अजून दिसलेले नाहीत. बिळं आहेत, जुनी असतील. एप्रिलमध्ये पाण्यालगतच्या पट्टीत लावलेलं लव्हाळं गुडघाभर आलं आहे. पिंजरा तिथेच आहे. रोज सकाळी, बहुधा मी चहा ठेवत असताना, त्याचा मेसेज येतो: चालू आहे, दार उघडं आहे. तो वाचून मला बरं वाटतं. जास्त बरं त्या दिवशी वाटेल, ज्या दिवशी तराफा काढून काठावर ठेवला जाईल आणि हा मेसेज यायचा बंद होईल.